डागमास्तर आणि सात टेट्रा

गल्लीत त्यांना सगळे डागमास्तर म्हणत. लाँड्रीच्या काउंटरवर कुणी शर्ट ठेवला की ते तो उजेडाकडे धरत, नाकाशी नेत आणि निकाल देत, "चहा. दुधाचा. शनिवारी सांडलाय." गिऱ्हाईक ओशाळून मान हलवी. शाई, गंज, ग्रीस, तीस वर्षांत त्यांच्या तावडीतून सुटलेला डाग कुणाच्या ऐकिवात नव्हता.

अशा माणसाच्या बायकोनं बाहेरच्या खोलीत काचेची टाकी मांडली आणि तिच्यात सात मासे सोडले. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधले टेट्रा, बोटभर लांब, चंदेरी अंगावर गुलाबी झाक, आणि प्रत्येकाच्या छातीशी रक्ताच्या थेंबासारखा लाल ठिपका.

"अगं, सगळा डागी माल कसा घेतलास?" मास्तर म्हणाले. "रक्ताचा दिसतोय. थंड पाण्यात भिजवला की जाईल."

"थंड पाण्यात मासेच जातील. आणि तो ठिपका जन्मजात आहे, अहो."

"जन्मजात वगैरे काही नसतं. लोक वेळेवर आणून देत नाहीत, एवढंच."

गेली पाच वर्षं हा संवाद आठवड्यातून एकदा तरी व्हायचाच. टेलिफोन खात्यात जन्मभर लोकांचं ऐकून घेतल्यावर बाईंना घरात न बोलणारी मंडळी हवी होती. मास्तर त्यात बसत नव्हते. मासे बसत. सातही जणी त्यांना ठिपक्यांवरून ओळखू येत. सर्वांत मोठी ती थोरली आणि सदा मागे राहणारी ती धाकटी.

मग बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. तीन आठवड्यांसाठी निघताना बाईंनी बजावलं, "सकाळी चिमूटभर खाणं. आणि फिल्टरच्या स्पंजाला हात लावायचा नाही. आल्यावर माझं मी बघीन."

"मळला तर?"

"तो मळलेलाच असतो. मळू दे."

कारणही त्या सांगत होत्या, पण मास्तरांचं लक्ष एका कॉलरकडे होतं.

आठ दिवस त्यांनी कळ काढली. काचेमागे तो तपकिरी स्पंज, चारचौघांत कुणी पायपुसणं टांगून ठेवावं तसा, येता-जाता डोळ्यांत खुपायचा. नवव्या दिवशी त्यांनी तो उचलून लाँड्रीत नेला. साबण लावला नाही, तेवढी अक्कल होती. पण नळाच्या कढत पाण्यात पाच वेळा पिळला. शेवटचं पाणी नितळ निघालं, स्पंज पिवळाधमक झाला. तो जागेवर बसवून ते माशांना म्हणाले, "आता कसं."

तिसऱ्या दिवशी सकाळी सातही मासे पाण्याच्या वरच्या थराशी तोंडं उघडमीट करत होते. मास्तरांनी चष्मा लावला. थोरलीचा ठिपका विटकरी पडला होता. धाकटीचा जवळजवळ दिसेनासाच झाला होता.

पाच वर्षं ज्या डागावर त्यांची नजर होती, तो आपला आपण निघाला होता, आणि मास्तर लाँड्री न उघडताच घराबाहेर धावले.

कोपऱ्यावरच्या शोभेचे मासे विकणाऱ्या मासेवाल्यानं एवढंच विचारलं, "काका, स्पंज धुतलात?"

"जरासा."

"म्हणजे किती?"

"पाच पाणी."

रक्ताचा डाग उकळून आणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे मास्तर जसं बघत, तसंच मासेवाल्यानं त्यांच्याकडे बघितलं. "पाण्यातली घाण जिरवणारे जिवाणू त्या मळात राहतात. तुम्ही त्यांना घरादारासकट धुऊन काढलंत." त्यानं आपल्या टाकीतल्या काळ्याकुट्ट स्पंजाचा तुकडा कापून पाण्याच्या पिशवीत घातला. "हा तुमच्या स्पंजाला लागून बसवा. खाणं बंद. रोज थोडं पाणी बदला. कोमट हवं, क्लोरिन मारायचे थेंब टाकून. आणि हा तुकडा..."

"धुवायचा नाही," मास्तर म्हणाले. "कळलं."

पिशवी छातीशी धरून येताना मास्तरांना एका जुन्या गिऱ्हाइकानं हटकलं, "मास्तर, काय जपून नेताय एवढं?"

"मळ. बाजूला व्हा, सांडेल."

संध्याकाळी बायकोचा फोन आला. "काय म्हणतायत मासे?"

काहीतरी ठोकून द्यावं असं मास्तरांच्या मनात आलं. मग म्हणाले, "स्पंज धुतला मी."



"किती आहेत?"

"सात."

"वर येऊन तोंड उघडतायत?"

"हो."

"मग माझ्याशी बोलत काय बसलात? पाणी बदला."

त्या आठवड्यात लाँड्री रोज उशिरा उघडली. मास्तर सकाळी बादलीत कोपर बुडवून ऊब बघत, टाकीचा दिवा लावत आणि शर्ट निरखावा तशी धाकटी निरखत. चौथ्या दिवशी मासे खाली उतरले. सातव्या दिवशी धाकटीच्या छातीशी कुणी लाल पेन्सिल टेकवून उचलावी, इतकंच काहीतरी उमटलं. ते मास्तरांनाच दिसू शकलं असतं.

बाई आल्या त्या चपला न काढताच टाकीपाशी गेल्या. पुटपुटत सात मोजले. स्पंज बघितला. पुन्हा छान तपकिरी होऊ लागला होता.

"धाकटी फिकी दिसतेय."

"धरतोय रंग," मास्तर काउंटरवरच्या आवाजात म्हणाले. "येत्या बुधवारी गडद करून देतो."

बाईंनी हात पुढे केला. "पावती?"