चालंल, पण पळवू नका

आमच्या आबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, साडेतीनशे सीसीची मोटरसायकल गोठ्यात पोत्यांखाली कित्येक वर्षं पडून होती. ती शिसं घातलेल्या पेट्रोलच्या जमान्यातली. आता पंपावर मिळतं ते अनलेडेड, म्हणजे बिनशिशाचं, वर त्यात आमच्याच उसाचं इथेनॉल. असल्या पेट्रोलवर ही म्हातारी चालणार का, यावरनं घरात रोज खडाजंगी. मी म्हणायची, भंगारात घाला एकदाची. आबा म्हणायचे, "तुला काय कळतंय त्यातलं?"

शेवटी बारामतीच्या मेस्त्रीनं इंजिन खोलून बघितलं. "चालंल आबा, पण पळवू नका. पेट्रोलातलं शिसं व्हॉल्व्हची बैठक झिजू देत नव्हतं, आता ते न्हाय. ही टकटक वाजतीया ना, ती टॅपेटच्या फटीमुळं; ती फट अधनंमधनं बघत जा." आबांनी 'चालंल' तेवढं ऐकलं. बाकीचं सगळं वाऱ्यावर सोडलं.

मग काय, आमच्या कोऱ्हाळ्यापासनं बारामतीपर्यंत आबा ती नुसती दामटायचे. हळूहळू इंजिनातली टॅपेटची टकटक कमी होत गेली. आबा खूश. येईल त्याला ऐकवायचे, "बघा, कशी गप चालतीया! तब्येत सुधारली तिची." मलाही ते खरंच वाटलं.

लोणी देवकरच्या एका कारखान्यात कायमच्या नोकरीची चाचणी होती. सकाळी नऊला गेट बंद. वयाची अट अशी, की पुढच्या भरतीत मला बसताच आलं नसतं. नवरा पहिल्या पाळीला एमआयडीसीत गेलेला, आणि ठरवलेली जीप ऐन वेळी आलीच नाही. माझं डोकंच फिरलं. त्या जीपवाल्याच्या सात पिढ्या मी अंगणात उद्धरत होते, तोवर आबांनी गाडी बाहेर काढून किक मारली.

"बस मागं. शिव्या वाटंत दे."

भिगवणपर्यंत बरं चाललं होतं. हायवेला लागल्यावर आबांनी अॅक्सिलेटर पिळला आणि थोड्याच वेळात गाडीचा जोर उतरला. सायलेन्सरमधनं फाट फाट आवाज यायला लागले. ट्रक अगदी खेटून जात होते. आबांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिनाजवळ कान नेला. त्यांचा चेहरा पडला.

"टॅपेट वाजतच न्हाय गं. तब्येत कसली सुधारतीया! व्हॉल्व्ह बैठकीत रुतलाय. फट मिटली, त्यो नीट बंदच होईना."

"मग आता?"

"हितं थांबवली, गार केली, तर वाचंल. तशीच पळवली तर गेली कामातनं."

मी येईल त्या गाडीला हात केला. एक थांबेल तर शपथ! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, "ऱ्हाऊ द्या आबा. माझ्या नशिबात न्हाय."

"नशीब गेलं खड्ड्यात. बस!"

पुढचा रस्ता मी जीव मुठीत धरून बसले. जळका वास येत होता. इंजिन आतल्या आत आपटत होतं, आणि आबांनी मान एकदाही वळवली नाही. ही गाडी त्यांनी तरण्या वयात स्वतः घेतलेली. थांबा म्हणायला हवं, हे मला कळत होतं. लाज वाटत होती मला. पण मी आबांना आणखी घट्ट धरलं, कारण नोकरी मला हवी होती.

वॉचमन गेट ओढतच होता. आम्ही त्याच्यासमोर पोचलो आणि इंजिन मोठा दणका देऊन बंद पडलं. आबा म्हणाले, "पळ!"

मी आत शिरले, मागं गेट लागलं. न राहवून वळून बघितलं, तर आबा वाकून नुसत्या हातानं किक दाबत होते. ती अलगद खाली जात होती. जिवंत इंजिनाची किक हातानं दबत नाही, एवढं मलाही ठाऊक होतं. त्यांनी परत दाबली. परत तसंच. मला हुंदका आवरेना.

तेवढ्यात त्यांनी वर बघितलं आणि तितनंच खेकसले, "बघतीयास काय? जा की आत!"