खिंडीखालचं टाकं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बालाजीला तर नाहीच — आणि खरं म्हणजे एकट्या त्यालाच ते माहीत आहे.

माझी पत्रकं तुम्ही वाचली असतील, तर मला ओळखत असाल. गद्दार, विकाऊ, पळपुटे — हे शब्द मी सढळ हाताने वापरतो. बाप रेल्वेच्या युनियनमध्ये, घर तारनाक्यात. अक्षरं ओळखायला शिकलो तीच पत्रकांवर. खोटं छापायचं नाही, हे मला कुणी वेगळं शिकवायची गरज पडली नाही. मग मी जे लिहिलं, ते काय होतं?

बालाजी माझा कॉलेजातला मित्र. आम्ही ठरवलं होतं — सातमाळेची अख्खी डोंगररांग चालायची, मनमाडपासून पार पश्चिम टोकापर्यंत. एका दमात एवढी सुट्टी कोण देणार? म्हणून दर दिवाळीला काचीगुड्याहून गाडी धरायची आणि एक तुकडा चालायचा. थांबू तिथल्या दगडावर चुन्याची फुली. पुढच्या वर्षी त्याच फुलीवर पाय ठेवून सुरुवात. मध्ये एक पाऊल सुटता कामा नये. गाडीत बसलं की तो तुकडा बाद. नियम माझाच.

तिसऱ्या दिवाळीला त्याचा पाय प्लास्टरमध्ये होता. "तू जा मियाँ," तो म्हणाला, "वाट लिहून आण. माझा तुकडा मी नंतर चालतो."

गेलो. फुलीवर पाय ठेवला. तासाभरात कड्याला चिकटलेली आडवी वाट आली — हातभर रुंद, डावीकडे दरी. चार पावलं टाकली. आणि बसलो. बसूनच मागे सरकत आलो. गावात उतरलो, एसटीने डोंगराला वळसा घातला, पलीकडच्या पायथ्याला एक दगड शोधून फुली मारली. मग चहाच्या टपरीवर वही काढली आणि न चाललेली वाट लिहिली. कडा तर फारच झकास उतरला. आणि — खरं वाटावं म्हणून — एक ओळ: 'खिंडीखाली कातळात कोरलेलं टाकं. पाणी बारमाही, गोड.'

भीती वाटली, एवढंच सांगता आलं नसतं? बालाजी हसला असता. बस्स.

पुढच्या वर्षी तो थंड पेयांच्या परदेशी कंपनीत लागला. देशाचे दरवाजे नुकते उघडले होते, आणि माझाच मित्र त्यांच्या स्वागताला उभा! दिवाळीला त्याचं ट्रेनिंग होतं, तो आला नाही. मला वाटलं, त्याने मला विकलं. अफझलगंजच्या प्रेसमध्ये पत्रक छापलं, त्याचं नाव घालून: 'आपलंच पाणी बाटलीत भरून आपल्याला विकणाऱ्यांकडे गेलेला, अर्ध्या वाटेवरून पळालेला भ्याड.' जामबागेत, आमच्याच कॉलेजच्या फाटकावर, स्वतः वाटलं.

एप्रिलमध्ये तो ते पत्रक घेऊन घरी आला. "हौ, एक तुकडा बाकी आहे माझा. तेवढा चालून येतो, मग दे पोटभर शिव्या." माझी वही मागून घेतली. "एकच बाटली नेतो. टाकं आहे की तुझं."

मी दारातच होतो. तोंड उघडायला किती वेळ लागतो? मी म्हणालो, "टोपी घे."

पाच दिवसांनी परत आला. ओठ फुटून काळे पडलेले, हातावर सलाइनच्या सुईचा निळा डाग. आईने तांब्या दिला. तो उभ्यानेच प्यायला, दुसरा मागितला.

"काय रे बाळा, डोंगरात पाणी नव्हतं का?"

"होतं की काकू." तो माझ्याकडे बघत होता. "खिंडीखाली टाकं आहे. गोड पाणी. तुमच्या पोराने लिहिलंय तसंच."

वही माझ्या हातात दिली आणि गेला. परत आमच्याकडे आला नाही.

पत्रक मी मागे घेतलं नाही. त्या वहीच्या प्रती त्याआधीच डोंगर चालणाऱ्या चौघांना दिल्या होत्या. त्याही परत मागितल्या नाहीत. मागितल्या असत्या, तर का ते सांगावं लागलं असतं.

त्या खिंडीत मी कधी गेलोच नाही. खाली पाणी नाही.