रुखवतातलं रानडुक्कर

माझ्या लेकीच्या लग्नात रुखवत मांडायचंच, हा हट्ट माझ्या आईचा. त्यासाठी ती पुण्याहून आमच्याकडे अमेरिकेत बेलव्ह्यूला आली, बॅगा भरून सामान आणि कपाळावर एक आठी घेऊन. जावई आयरिश वंशाचा. आईनं नकार दिला नव्हता, पण होकारही दिला नव्हता. त्याला ती 'तो मुलगा' म्हणायची. लेक मात्र आजीच्या मांडीवर वाढलेली. "आजी एकदा त्याला जावई म्हणू दे, दॅट्स ऑल आय वाँट," एवढंच तिचं मागणं होतं.

रुखवत म्हणजे काय, ते लेकीनं विहीणबाईंना समजावून सांगितलं होतं. तर त्या लग्नाच्या सकाळी हातानं शिवलेली गोधडी घेऊन हजर! त्यांना जुन्या केल्टिक, म्हणजे आयरिश पूर्वजांच्या, गोष्टींचं भारी वेड. गाठीत गाठ गुंफलेल्या वेलबुट्टीतून एकेक प्राणी डोकावत होता, आणि प्रत्येक प्राणी म्हणजे घरातलं एक माणूस. सॅमन मासा म्हणजे शहाणपण, ती माझी लेक. शिकारी कुत्रा म्हणजे निष्ठा, तो त्यांचा मुलगा. मी निघाले गूज, म्हणजे बदकाची थोरली बहीण: घराची राखणदार, कोणी आलं की गळा काढणारी. "हुबेहूब!" नवरा म्हणाला. त्याच्याकडे मी नंतर बघणार होते.

आणि मधोमध, सुळे परजून, एक रानडुक्कर. ती माझी आई.

ऐन लग्नाच्या दिवशी आईला कुणी डुक्कर म्हटलेलं कळलं तर ती पहिल्या विमानानं पुणं गाठणार, याबद्दल मला शंका नव्हती. मी गोधडी टेबलावर अंथरली आणि डुकरावर लाडवांचं ताट ठेवून दिलं.

आई रुखवत बघायला आली, तशी ताटापाशीच थांबली. "नक्षीवर कुणी ठेवलंय हे?" म्हणत तिनं ते उचललं. विहीणबाई कौतुकानं पुढे आल्या. "अ बोअर! दॅट्स यू!"

"हत्ती आहे गं आई," मी मध्ये पडले. "गणपतीचा."

"सोंड कुठंय?"

"त्यांच्याकडे आखूड असते."

आईनं चष्मा सारखा केला. "बोअर म्हणजे रानडुक्कर. जन्मभर शाळेत इंग्रजी मीच शिकवलं, विसरलीस?"

लेकीचा चेहरा उतरला. आई वळून विहीणबाईंना म्हणाली, "व्हाय मी?"

विहीणबाईंना कशाचा पत्ताच नव्हता. त्या हसत इंग्रजीत सांगू लागल्या, की त्यांच्या गोष्टींत रानडुक्कर म्हणजे शौर्य आणि पाहुणचार. "तुम्ही आल्यापासून मला एकदाही न जेवता जाऊ दिलं नाहीत. आणि माझा मुलगा तर तुमच्या नजरेला अजून घाबरतो."

आई हसली, इथं आल्यापासून पहिल्यांदा, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अगं, वराह तर विष्णूचा अवतार! बुडालेली पृथ्वी सुळ्यावर उचलून आणली त्यानं. बाईला माणूस कळतं हो." मग तिनं कुत्र्यावर बोट ठेवलं. "हा कोण?"

नवरदेवानं वर्गात करतात तसा हात वर केला. आईनं त्याला नीट न्याहाळलं, पण 'जावई' हा शब्द काही तोंडातून निघाला नाही. गोधडी तेवढी तिनं स्वतःच्या हातानं रुखवताच्या दर्शनी जागी मांडली. लेक माझ्याकडे बघत राहिली.

दुपारी पंगत बसली. आई श्रीखंडाचं भांडं घेऊन स्वतः वाढत होती. नवरदेवाच्या पानापाशी आली, तसं त्यानं दोन्ही हात पानावर आडवे धरले. "पोट भरलं, आजी," तो पाठ केलेल्या मराठीत म्हणाला.

आईनं त्याचे हात बाजूला सारले आणि भलामोठा डाव वाढला.

"रानडुकराच्या पंगतीतून अर्धपोटी उठायचं नसतं, जावईबापू."

लेकीनं माझा हात घट्ट धरला. आणि मी, गूजच शेवटी, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा गळा काढला.