गडग्यापलीकडचा बाप

आज एक मधमाशी आमच्या आंब्याच्या मोहरावरून उठली आणि दगडी गडगा ओलांडून शेजारच्या विठूच्या झाडावर बसली. मी बघतच राहिलो.

आमचा आंबा अस्सल आमच्याच घरचा, या तोऱ्यात मी विठूला कधी फळ दिलं नाही. परवा आंब्याच्या जातींवर संशोधन करणारी मुलगी दोन्हीकडच्या पानांचा डीएनए तपासून आली. म्हणाली, "आजोबा, या झाडाची आई तुमच्या विहिरीवरची, पण बाप विठूकाकांचा रायवळ आंबा!"

गडग्यावरून विठू ओरडला, "काय व्याही, मानपान राहिला की आमचा!"

गडगा आम्ही रचला, माशीला त्याचं काय! यंदा आढीतली पहिली टोपली विठूची. नेऊन मात्र देणार नाही. व्याह्यानं गडग्यापर्यंत यावं.