मॅचच्या दिवसाचा हवामानाचा कागद

मस्कतमधल्या एका खाजगी कॉलेजच्या विद्यार्थी विभागात मी बरीच वर्षं नोकरी करते आहे. प्रवेशाचे फॉर्म, ओळखपत्रं, हॉस्टेलच्या तक्रारी असं सगळं माझ्या टेबलावर येतं. फुटबॉलचा मोसम सुरू झाला की टीमची कागदपत्रंही माझ्याकडेच येतात: खेळाडूंची यादी, बसची परवानगी, पाण्याचे खोके, आणि मॅचच्या दिवशी सकाळी कोचला पाठवायचा हवामानाचा कागद.

हे शेवटचं काम कुणालाच नको होतं, म्हणून ते माझ्याकडे आलं. कामही काही नव्हतं. फोनमधलं ॲप उघडायचं, दुपारचं तापमान आणि वारा एका ओळीत लिहायचा आणि खाली ‘ठीक’ असं टाकायचं. दोन मोसम मी ‘ठीक’च लिहीत होते.

ऑक्टोबरमधली एक मॅच आमच्याच मैदानावर होती. ॲपने छत्तीस दाखवलं. मस्कतला छत्तीस म्हणजे लोक जॅकेट शोधत नाहीत एवढंच. मी ‘ठीक’ लिहिलं. दुपारी चारला मॅच सुरू झाली आणि पाचच्या आत आमचा गोलकीपर गोलच्या खांबाला धरून हळूहळू खाली बसला. मला वाटलं, बुटाची नाडी बांधतोय. मग तो आडवा झाला.

त्याला सावलीत नेलं, बर्फ लावला, हॉस्पिटलात हलवलं. संध्याकाळपर्यंत तो शुद्धीवर येऊन बोलू लागला. कागदपत्रं घेऊन मी तिथे गेले, तेव्हा त्याची आई कॉटजवळ बसली होती. मी कोण हे तिला ठाऊक नव्हतं. तिने डब्यातला खजूर माझ्यापुढे धरला, छोट्या कपात कॉफी ओतून दिली. तो खजूर मी हातातच धरून बसले. तिच्या मुलाला उन्हात उभं करणारा ‘ठीक’ हा शब्द माझा होता.

घरी आल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, “मला हे आधी कळायला हवं होतं. मी फिजिक्स शिकलेय.”

तो म्हणाला, “कॉलेज सोडून सोळा वर्षं झाली तुला.”

“म्हणून काय झालं? फिजिक्स बदललं का?”

मी चिपळूणजवळची. आमच्या बौद्धवाडीत सायन्स घेऊन पदवी मिळवणारी मी पहिली मुलगी. निकालाच्या दिवशी वाडीतल्या बायकांनी मला ओवाळलं होतं. पुढे लग्न झालं, नवरा इंजिनियर म्हणून मस्कतला आला, मी मागोमाग आले आणि मिळाली ती ऑफिसची नोकरी धरली. पदवीचा कागद मस्कतच्या अझैबा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये कपाटातल्या फाइलीत पडून होता.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून दोन थर्मामीटर मागून आणले. एक तसाच ठेवला. दुसऱ्याच्या फुग्याला मलमलीची चिंधी गुंडाळून तिचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलं. हवा कोरडी असली की ओल्या चिंधीतलं पाणी भराभर उडतं आणि तो थर्मामीटर खूप खाली उतरतो. हवा दमट असली की तो फारसा उतरतच नाही. माणसाच्या घामाचंही तेच. घाम वाळला तरच अंग निवतं. समुद्राकाठच्या मस्कतमध्ये तो कितीतरी दिवस वाळत नाही, नुसता ओघळत राहतो. ॲपमधल्या छत्तीसने मला हे सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

मग प्रत्येक मॅचच्या आदल्या दिवशी आणि मॅचच्या दिवशी मी मैदानावर उभी राहून आकडे घेऊ लागले. कॉलेजमधली मुलं लांबून बघायची. आमचे कोच ओमानी, पन्नाशीचे, स्वतः खेळून गुडघे घालवलेले. आमच्याशी ते हिंदीत बोलत. पहिल्या दिवशी त्यांनी बाटलीतली चिंधी वाकून पाहिली आणि म्हणाले, “गर्मी तो गर्मी है, सिस्टर. इसको कपड़ा क्यों पहनाया?”

मी त्यांना दोन्ही आकडे दाखवले. ओला थर्मामीटर एकोणतीसच्या वर गेला तर चारची मॅच सातला घ्यायची, मध्ये दोनदा पाण्यासाठी थांबायचं, असं सुचवलं. त्यांनी मान हलवली आणि “इन्शाल्ला” म्हणाले. त्याचा अर्थ हो की नाही ते मला कळलं नाही. पण पुढची मॅच सातला झाली. त्यानंतरचीही. त्या मोसमात परत कुणी पडलं नाही.

माझा कागद आता एका ओळीवरून अर्ध्या पानावर आला. ओला आणि कोरडा आकडा, वाऱ्याची दिशा, धुळीची शक्यता, पाऊस. घरी जेवणानंतर मी ढगांचे उपग्रहावरून घेतलेले फोटो बघत बसायचे. माझी मुलगी तेव्हा आठवीत होती. ती विचारायची, “आई, तू clouds का बघते रोज? आपल्याकडे तर cloud येतच नाही.”

“बघतेस,” मी दुरुस्त करायचे. “येत नाही म्हणूनच बघावं लागतं. आला की कुणाच्या लक्षात येत नाही.”

पण फेब्रुवारीत मी तोंडावर पडले. दोन दिवस आधी मी लिहिलं की शनिवारी वाळवंटाकडून जोराचा वारा येईल, धुळीने समोरचं दिसणार नाही, मॅच पुढे ढकलावी. मॅच ढकलली. शनिवार उजाडला तो लग्नाचा मुहूर्त असावा असा. निरभ्र आकाश, मंद वारा. समुद्रावर लोक सहकुटुंब डबे घेऊन बसले होते. वारा आला, पण तो आमच्यापासून दूर, आतल्या भागातून निघून गेला.

रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, कॉलेजच्या डीननी मला बोलावलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, “मॅडम, यापुढे ॲपमध्ये असेल तेच लिहा. बाकी नको.”

मी “हो सर” म्हणून बाहेर आले. खुर्चीत बसून बराच वेळ स्टेपलरमध्ये पिना भरत राहिले. ऑफिसात महिनाभर थट्टा चालली. कुणी छत्री घेऊन माझ्या टेबलाशी यायचं, कुणी गॉगल लावून. आकडे घेणं मात्र मी सोडलं नाही. ॲपची ओळ डीनना जायची आणि अर्धं पान कोचना. कोच ते वाचतात की नाही, मी विचारलं नाही.

एप्रिलमध्ये स्पर्धेची शेवटची मॅच दोन तासांवरच्या इब्रा गावाला, तिथल्या कॉलेजच्या मैदानावर होती. त्याआधीचे दोन दिवस मी ढगांचे फोटो बघत होते. दुपार झाली की डोंगरांवर पांढरे ठिपके उठत, संध्याकाळी फुगत आणि विरून जात. तिसऱ्या दिवशी, म्हणजे मॅचच्या दिवशी, सकाळपासूनच ते मोठे दिसू लागले. सरकारी अंदाजात डोंगराळ भागात तुरळक पाऊस एवढंच होतं. मी डीनना फोन करून मॅच दुपारआधी उरकता येईल का, असं विचारलं. ते म्हणाले, “त्यांनी सगळी तयारी केलीय. इब्राला पाऊस आहे का?”

“इब्राला नाही सर. वरच्या डोंगरात आहे.”

“मग?”

त्या दिवशी मी पहिल्यांदाच टीमच्या बसमध्ये बसून बाहेरगावच्या मॅचला गेले.

मैदान वादीला लागून होतं. वादी म्हणजे डोंगरातून येणारी नदीची वाट, वर्षातले बहुतेक दिवस कोरडी, नुसते गोटे आणि रेती. तिच्या पात्रात झाडांची चांगली सावली होती आणि मॅच बघायला आलेल्यांनी तिथेच गाड्या लावल्या होत्या. पंधरा-वीस मोटारी, पिकअप, यजमान कॉलेजची बस. दोन कुटुंबं चटई अंथरून बसली होती, मुलं गोट्यांवरून उड्या मारत होती. आमचा ड्रायव्हरही बस तिकडेच वळवत होता.

मी उठून कोचच्या सीटजवळ गेले. “बस खाली नको. वर रस्त्यावर लावू या. आणि खालच्या सगळ्यांना बाहेर काढायला सांगा.”

त्यांनी खिडकीतून वर पाहिलं. निळंभोर आकाश होतं. “पानी आएगा?”

“येईल असं वाटतंय.”

“कितना पक्का?”

फेब्रुवारीतली चूक डोळ्यांसमोर आली. हातचं राखून बोलावं असं वाटलं. पण आकडा विचारला होता, मग आकडाच द्यायला हवा. “दहात सहा,” मी म्हटलं. “चार वेळा मी चुकेन.”

त्यांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. मग हिंदीत जे बोलले त्याचा अर्थ असा, “माझे वडील दहात दोन असलं तरी बकऱ्या वादीतून वर काढायचे. सहा खूप झाले. यल्ला, चलो, बस ऊपर.”

मैदानात जाऊन त्यांनी लाउडस्पीकरवाल्याच्या हातातून माईक घेतला आणि अरबीत सगळ्यांना गाड्या वर न्यायला सांगितलं. लोकांनी आधी आभाळाकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. यजमानांचे तरुण कोच हसले. आमचीच मुलं खेळाचं सामान घेऊन अर्धा किलोमीटर चालत आल्यामुळे वैतागली होती. एक जण मला ऐकू जाईल असं म्हणाला, “मॅडमची धूळ अजून यायचीय.”

तेवढ्यात पहिल्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत उठले. त्यांनी डोंगराच्या बाजूला एकदा पाहिलं, काही न बोलता आपल्या पिकअपमध्ये बसले आणि ती वर नेली. म्हातारा उठला म्हटल्यावर बाकीचेही उठले. चटया गुंडाळल्या गेल्या. पोरांना हाका मारून वर आणलं. यजमानांची बस सगळ्यात शेवटी निघाली. एक पांढरी मोटार तेवढी राहिली, तिचा मालक सापडेना.

मॅच सुरू झाली. पहिला हाफ संपला, काही आलं नाही. मी खेळ बघतच नव्हते. लोक आपल्याकडेच बघताहेत असं मला वाटत होतं. दुसरा हाफ सुरू होऊन वीसेक मिनिटं झाली असतील, तेव्हा डंपरमधून खडी ओतावी तसा आवाज लांबून येऊ लागला आणि थांबेना. मग ओल्या मातीचा वास आला. मैदानावर एक थेंब पडला नव्हता.

वळणावरून पाणी आलं ते पाण्यासारखं दिसतच नव्हतं. मळकट, फांद्या आणि गोटे पुढे ढकलत येणारी एक भिंत होती, कमरेएवढी. पाच मिनिटांत वादी या काठापासून त्या काठापर्यंत भरली. जिथे मुलं उड्या मारत होती तिथे भोवरे फिरत होते. पांढरी मोटार आडवी झाली, थोडी तरंगली आणि झाडाला जाऊन अडकली. तिच्यात कुणी नव्हतं. खेळ थांबला होता, दोन्ही टीम काठावर उभ्या होत्या. मघाशी चटईवर बसलेल्या आयांपैकी एकीने आपली मुलं एक-एक करून मोजली आणि परत मोजली.

कोच माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. पाण्याकडेच बघत म्हणाले, “छह नहीं था, सिस्टर. दस था.”

“नाही, सहाच होता,” मी म्हटलं. माझी मान वर होती, हे मला आजही आठवतं. वाडीत ओवाळलं त्यानंतर मान इतकी वर त्याच दिवशी झाली असेल.

काही वेळाने रेफरीने शिट्टी वाजवली आणि खेळ पुन्हा सुरू झाला. आम्ही एका गोलने हरलो. अडकलेल्या मोटारीचा मालक उशिरा धावत आला, मोटार बघितली, मग काठावर सुखरूप उभे असलेले लोक बघितले, आणि देवाचे आभार मानत “अल्हम्दुलिल्ला” म्हणून खाली बसला. यजमानांच्या तरुण कोचनी त्याला पाणी दिलं, मग माझ्याकडे येऊन माझा नंबर मागितला.

त्या आठवड्यात डीननी मला पुन्हा बोलावलं. या वेळी त्यांनी खुर्ची पुढे केली. “इब्राहून फोन होता. तुमचा कागद त्यांनाही हवाय. आणखी दोन कॉलेजं विचारताहेत.” मग म्हणाले, “फेब्रुवारीत मी घाई केली.”

मी म्हटलं, “सर, फेब्रुवारीत मी चुकलेच होते. पुढेही चुकेन. कागदावर तसं लिहीत जाईन.”

तेव्हापासून कागदाच्या शेवटी मी एक ओळ टाकते: अंदाज किती पक्का, दहापैकी किती. कधी आठ, कधी तीन. आता चार कॉलेजांना तो जातो.

ही बातमी माझ्या आईला चिपळूणला माझ्या मुलीने फोनवर दिली. तिचं मराठी अडखळत चालतं, तरी तिने इंग्रजीचा आधार न घेता सगळं सांगायचं ठरवलं होतं. “आजी, आईने सांगितला की पाणी येणार. कोणी नाही मानला. मग पाणी आला.” पलीकडे आई काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. मुलगी ऐकत राहिली, हसली, आणि फोन ठेवल्यावर वहीत काहीतरी लिहून ठेवू लागली. मी विचारलं तर म्हणाली, “आजी बोलली, पुढच्या वेळी पूर्ण सांग, मला सगळ्यांना सांगायचंय. So मी शब्द लिहिते.”