धुऱ्याआड बसलेली बाई

लाखांदूरच्या बाजूला मी धानावर ड्रोननं औषध फवारते, पोट त्याच्यावरच चालतं. मागच्या वर्षी रोवणीत, म्हणजे धानाची रोपं लावताना, एका खासगी कंपनीचा इंजिनिअर गावात आला. मोठा गोड बोलायचा, उठता-बसता ताई-ताई करायचा. म्हणाला, खाली माणूस दिसला की फवारणी आपोआप थांबेल असं यंत्र करतोय, त्यासाठी बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, वावरणाऱ्या बायांचं वरून चित्रण पाहिजे. मला पटलं. एकदा माझ्याच ड्रोनचं औषध शेजारच्या काकीवर पडलं होतं, आठ दिवस तिचे डोळे सुजले होते.

म्हणून आधी काकीलाच गळ घातली. ती आली तशा रोवणीच्या बाकीच्या बायाही आल्या. वाकल्या, चालल्या, रोपांचे परे डोक्यावर घेऊन फिरल्या. आणि मग अतिशहाणपणा केला तो मी. आमच्याकडे शेतात बाईला आडोसा म्हणजे बांधीचा धुरा, तिच्या कडेचा उंच बांध. लघवीला तिथंच, घडीभर टेकायलाही तिथंच. मी म्हटलं, साहेब, उभी बाई कोणालाही दिसते, धुऱ्याआड बसलेली दिसली पाहिजे. त्याचा चेहरा काय खुलला! मग दोन दिवस तेच. काकी धुऱ्याआड बसली, पळसाखाली दडली, अंगावर तणीस, धानाचा वाळला पेंढा, ओढून निजली. बाया हसून हसून बेजार. जाताना तो काकीच्या पाया पडून गेला.

फवारणीचं यंत्र काही आलं नाही. दिवाळीनंतर मोबाईलवर एक व्हिडिओ आला. पोटात स्फोटकं भरलेला, माणूस हुडकून त्याच्यावर झेपावणारा लहानसा ड्रोन. स्टेजवर तोच इंजिनिअर. मागच्या पडद्यावर आमची बांधी, धुऱ्याआड काकी आणि तिच्याभोवती लाल चौकट.

लगेच त्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, ताई, देशाचंच काम आहे. मनात म्हटलं, असेल बाबा. माझा सख्खा भाऊ फौजेत आहे, मला देश शिकवू नको. मी एवढंच विचारलं, "मंग तेव्हा काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर बाया धुऱ्याआड बसल्या असत्या का?"

केसानं गळा कापला मेल्यानं. आणि बाया काही त्याच्या शब्दावर आल्या नव्हत्या, माझ्या शब्दावर आल्या होत्या.

काकीला सांगायला मला तीन दिवस लागले. ती सुपात तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि निवडत राहिली.

यंदा तिच्याच बांधीवर फवारायला गेले. ड्रोन वर गेला तशा बाकीच्या बाया धुऱ्याकडे सरल्या. काकी भर धानात ताठ उभी राहिली.

"काकी, बाजूले हो, अंगावर औषध पडन."

"कुठं जाऊ? लपाची जागा तं तुनं त्यायले दाखवून टाकली."

मी ड्रोन खाली उतरवला. तिची बांधी त्या दिवशी मी पाठीवरच्या पंपानं फवारली.