उठाव निल, युद्ध निल

२००६ साली टेक्सासमधल्या एका आर्मी स्कूलमध्ये मी दहा आठवड्यांच्या कोर्सला होतो. इन्फंट्रीतला मेजर, गाव कराड, तोंड फटकळ. माझा रूम पार्टनर बोट्स्वानाचा मेजर मोएती. सहा फूट दोन इंच, बोलणं मोजकं. पीटी ०५३०, क्लास ०८००. रविवारी प्लेनो शहरातल्या एक मराठी काकू आम्हाला जेवायला न्यायच्या. मोएतीला तीनदा आग्रह, मला एकदाच.

कोर्समध्ये प्रत्येक परदेशी ऑफिसरने आपल्या देशाचं ब्रीफ, म्हणजे थोडक्यात माहितीचं भाषण, द्यायचं होतं. त्याआधी भरायचा फॉर्म ठरलेला. मोएतीने भरला: लष्करी उठाव, निल. यादवी, निल. युद्ध, निल. निवडणुका, वेळेवर. उत्पन्न, मुख्यतः हिरे. कोर्सच्या अमेरिकन कर्नलने त्यावर लाल शेरा मारला: अपूर्ण. उद्या १४०० पर्यंत नीट भरून आणा, नाहीतर ब्रीफ कॅन्सल. ब्रीफ नाही तर सर्टिफिकेट नाही. आणि या कोर्सला आलेला मोएती हा त्याच्या बटालियनचा पहिलाच ऑफिसर.

माझं डोकंच फिरलं. मोएती म्हणाला, जाऊ दे, एखादं छोटं भांडण लिहून टाकतो. मी म्हटलं, खबरदार! दुसऱ्या दिवशी १३५० ला दोघं कर्नलच्या दारात उभे.

"सर, आमच्याकडे संध्याकाळी 'काही घडलं नाही' असा निल रिपोर्ट आला की कमांडिंग ऑफिसर सुखाने जेवतो. याचा अख्खा देश निल रिपोर्ट देतोय, आणि तुम्ही त्याला नापास करताय?"

कर्नलने फॉर्म पुन्हा वाचला. "१४००. सुरू करा."

मोएतीने वीस मिनिटं घेतली. हिरे स्वातंत्र्यानंतर सापडले. जमिनीखालचं धन एका जमातीचं नाही, सगळ्या देशाचं, असं आधीच ठरलं होतं. त्यातून रस्ते झाले, शाळा झाल्या. सगळी भिस्त हिऱ्यांवर आहे हे बरं नाही, हेही त्यानेच सांगितलं. मी मात्र मुलाच्या गॅदरिंगला आलेल्या बापासारखा फुशारून बसलो होतो.

मागून कोणीतरी विचारलं, मग तुमची आर्मी करते काय?

"हत्ती सांभाळते, सर."

हॉल खो खो हसला. मोएतीही हसला. शिकारी टोळ्या ऑटोमॅटिक रायफली घेऊन येतात, हे त्याने सांगितलं आणि शेवटची स्लाइड लावली. गेल्या वर्षातले शहीद: एक. फॉर्ममधला हा शेवटचा रकाना कर्नलने दोन्ही वेळा पाहिलाच नव्हता. खरं सांगतो, मीही नाही.

"नाव?" कर्नलने विचारलं.

"कॉर्पोरल कागिसो. गस्तीवर माझ्या पुढे चालत होता."

हॉलमधले निम्मे जण इराकमध्ये लढून आलेले अमेरिकन. त्यांच्या शहिदांच्या याद्या लांब होत्या. कर्नल उभा राहिला, मग आम्ही सगळे.

"कसा होता?"

"फार बेसूर गायचा, सर. हत्तीसुद्धा वाट सोडायचे."

आम्ही उभ्या उभ्या हसलो, मोएती सगळ्यात मोठ्याने. माझे डोळे भरले होते, सांगायला लाज कसली. कागिसोला मी कधी पाहिलं नाही. पण त्या दुपारी तो आमच्या पलटणीचा झाला.